फियाटची डावी बाजू

वहिनींची फियाट भंगारात गेली असती तर अण्णांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या, आणि तिन्ही त्यांनी मनात नीट मांडून ठेवल्या होत्या. पहिली, माधवनगरच्या घराची रस्त्याकडची शेड. बारा बाय वीस, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. दुसरी, त्या शेडवर लागणारी पाटी: 'सहकारी संस्था सल्ला केंद्र', खाली त्यांचं नाव, आणि नावापुढं 'निवृत्त'. तिसरी गोष्ट हातात धरता येण्याजोगी नव्हती, पण अण्णांना सगळ्यांत जास्त हवी होती ती तीच. शहाऐंशी साली थोरल्या भावानं, लालासाहेबांनी, ही जुनी फियाट विकत घेतली तेव्हा घरात एकटे अण्णा म्हणाले होते, "दादा, फसलास." त्याला अडतीस वर्षं झाली. वाक्य अजून खरं ठरायचं राहिलं होतं.

आणि जायचं काय? काही नाही. खर्चाची बाजू कोरी. सहकार खात्यात तेहेतीस वर्षं लोकांची दप्तरं तपासलेल्या माणसाला, असला स्वच्छ व्यवहार दुसऱ्या कुणाच्या दप्तरात दिसला असता, तर त्यानं तिथंच लाल शाईनं खूण केली असती. पण माणूस स्वतःचं दप्तर तपासायला बसला की लाल शाई नेमकी सापडत नाही.

गाडीचं झालं होतं ते असं. एकोणीस सालच्या महापुरात ती सांगलीला, गावभागात, एका स्नेह्यांच्या अंगणात उभी होती. आठ दिवस पाण्यात. पाणी उतरल्यावर एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं इंजिन सुटं केलं, धुतलं, पुसलं आणि परत बोलतं केलं. पण पत्र्याच्या पोटात शिरलेला गाळ आतल्या आत काम करत राहिला. पुढच्या वर्षी लालासाहेब गेले. गाडी शेडमध्ये उभी, पासिंगची मुदत संपलेली. दारांखालच्या लांब पट्ट्या, मागच्या चाकांवरच्या कमानी, पायांखालचा तळ, कुठंही बोट लावलं तरी लाल भुगा.

तीन गॅरेजवाल्यांनी बघून हात जोडले. चौथा म्हणाला, "काकू, पुट्टी भरून वरनं रंग मारून देतो. साहेबाला कळायचं बी न्हाई."

"फाटक्या परकराला कडक इस्त्री करून नेसायला सांगतोस होय रे?" वहिनी, म्हणजे शकुंतलाबाई, म्हणाल्या, आणि गाडी परत आणली.

गेल्या वर्षी पितृपक्षात लालासाहेबांच्या श्राद्धाला अण्णा साताऱ्याहून आले. पानावर बसल्या बसल्या त्यांनी विषय काढला. घर दोघा भावांच्या नावावर, म्हणजे शेडमध्ये त्यांचाही वाटा. तेव्हा बोलायचा हक्क होताच.

"वहिनी, ह्या सांगाड्याला अजून किती दिवस जागा अडवू द्यायची?"

शकुंतलाबाईंनी त्यांच्या पानावर दुसरा वडा वाढला. मग म्हणाल्या, "पुढच्या दसऱ्याच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर जाऊन पास होऊन आली, तर शेड गाडीची. नाही आली, तर शेड तुमची आणि गाडी भंगाराची. मी शब्द काढणार नाही."

"आणि पत्रा बदलणार कोण?"

"मी."

अण्णांनी खिरीची वाटी तोंडाला लावली, ती हसू लपवायला.

आता, शकुंतलाबाई म्हणजे काय चीज होत्या ते अण्णांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि धरून चालणं वेगळं. बाईंनी माधवनगरात पस्तीस वर्षं शिवणवर्ग चालवला. गिरण्या चालू होत्या तेव्हापासून त्या बंद पडून गेल्या तोवर, आसपासच्या तीन पिढ्यांच्या पोरी त्यांच्या हाताखालून गेल्या. माणूस दारातून आत येताना बघून त्या त्याचा खांदा सांगायच्या. वय सहासष्ट, डोळ्यांवर जाड चष्मा, पण सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात.

जूनमध्ये काम सुरू झाल्याचं कळलं तसे अण्णा पहिल्याच शनिवारी एसटीनं आले. येताना टेम्पोतून त्यांनी आपलं लोखंडी कपाटही आणलं. दोन दारांचं, राखी रंगाचं, आत चाळीस वर्षांच्या डायऱ्या आणि तपासणी अहवालांच्या प्रती. "साताऱ्यात अडचण होते हो," असं म्हणत त्यांनी ते शेडच्या कोपऱ्यात लावून घेतलं. गाडी अजून जागेवर आणि कपाट आधीच ताब्यात. बाईंनी कपाटाकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "असू दे. पावसाकडचं टोक जरा भिंतीपासून लांब ठेवा, गंजेल."

गाडी चार विटांच्या थप्प्यांवर चढवलेली होती. आणि बाई फरशीवर बसून वर्तमानपत्रं कापत होत्या.

"पेपर कशाला?"

"बेतायला. कापड कापायच्या आधी कागद कापतात, भाऊजी. पत्रा म्हणजे काय, जरा हट्टी कापड."

उजव्या बाजूच्या दाराखाली त्यांनी कागद चिकटवला, गंजलेल्या जागेच्या पलीकडं चांगला पत्रा लागेपर्यंत नेला, अंगठ्यानं घडी दाबली, पेन्सिलनं रेघ ओढली. पुढं चाकावरची कमान आली तिथं त्या थांबल्या, मान वाकडी करून बघत राहिल्या, आणि स्वतःशीच म्हणाल्या, "हा गोल गळा आहे." मग कमानीच्या काठाला त्यांनी बोटाबोटावर बारीक चिरा दिल्या. गोल गळ्याची पट्टी आत वळवताना देतात तशाच. कागद कमानीवर असा बसला की अण्णांना उगाचच टाळी वाजवावीशी वाटली. त्यांनी हात खिशात घातले.

"खिशातनं हात काढा आणि हे टोक धरा," बाई म्हणाल्या.

अण्णा तपासणीला आले होते. ते टोक धरून बसले. पुढं दर शनिवार-रविवारी हेच झालं.

वेल्डिंगला बिरदेव यायचा. मूळचा कवठे महांकाळकडचा, धनगराचा; चाळिशीतला, रुंद छातीचा, बोलण्यापेक्षा कामानं आवाज करणारा. माधवनगरच्या रस्त्यालाच त्याचं दुकान होतं. धान्याच्या कोठ्या, कडबाकुट्टीची झाकणं, मेंढरांच्या वाड्याची फाटकं असलं करायचा. त्याची बायको बाईंच्या वर्गात शिकलेली, म्हणून तो दर रविवारी सिलिंडर घेऊन हजर. पहिल्या दिवशी त्यानं कागदांची थप्पी बघितली आणि टोपी मागं सारली.

"मावशी, गाडीला झंपर शिवताय व्हय?"

"शिवतेय. तू नुसते टाके घाल, आणि तेही आधी कच्चे. मी बघितल्याशिवाय पक्का टाका घालायचा नाही."

बिरदेव हसला खरा, पण तसंच केलं. बोटभर अंतरावर एकेक ठिपका जाळायचा, बाई चष्मा कपाळावर सारून रेघ तपासायच्या, "इथं ओढलंय, उसव," म्हणायच्या. तो ग्राइंडरनं ठिपका उडवायचा आणि परत घालायचा. दुपारी जेवताना तो अण्णांना म्हणाला, "आवं सायेब, मी वीस वर्सं झाली जाळतोय, पर टाका उसवून परत घालायला मला कुनी लावलं न्हवतं. आन् खरं सांगू? बाई म्हनत्यात तिथंच वाकडं असतंय."

जुलैत तळ झाला. पत्रा ठोकून खोलगट करायचा तर खाली काय धरायचं म्हणून बाईंनी वाळूनं भरलेली जुनी उशी घेतली; खोळ पक्की दुहेरी शिवणीची. ऑगस्टात उजव्या बाजूची पट्टी. पत्रा कापून, चिरा देऊन, काठ वळवून बाईंनी तो गाडीला टेकवला आणि हात सोडला. पत्रा पडला नाही. टाका नाही, पकड नाही, नुसता आपल्या जागी बसला; मापाची चोळी अंगावर बसावी तसा. बिरदेवनं पेटवलेली ज्योत बंद केली आणि दोन मिनिटं नुसता बघत बसला.

अण्णांनी त्या दिवशी डायरीत लिहिलं: 'उजवी बाजू. आक्षेप नाही.' लिहून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय लिहिलंय. पण पान फाडणं नियमात बसत नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती अण्णांना जूनपासूनच ठाऊक होती. त्या पहिल्या शनिवारी बाईंनी उजव्या बाजूचा नीट बसलेला कागद काढला, खाली दुसरा कागद घातला आणि दोन्ही मिळून एकदमच कापले. एक उजवीला, एक उलटा करून डावीला. शिवणारं माणूस दुसरं काय करणार? कापड दुमडायचं आणि दोन्ही बाजू एकाच कात्रीनं काढायच्या. पस्तीस वर्षं हाताला तीच सवय. कागद कापताना होणारा तो करकर आवाज अण्णांच्या पाठीतून गेला होता. कारण कारखान्यातून निघताना दोन्ही बाजू सारख्या असतील. पण ह्या गाडीची डावी बाजू अठ्ठ्याऐंशी सालापासून उजवीसारखी राहिली नव्हती. हे जिवंत माणसांत एकट्या अण्णांना माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि 'चहा घेऊ या का' असं विचारलं.

गाडीचं डावं मागचं दार तेव्हापासून आपटल्याशिवाय लागत नसे. घरात त्याचं कारण ठरून गेलेलं होतं: त्याच सुमाराला बाई गाडी शिकत होत्या. लग्नाकार्यात, हळदीकुंकवात, कुणी ते दार आपटलं की कुणीतरी म्हणायचंच, "वहिनींची सही आहे ती." बहुतेक वेळा म्हणणारे अण्णाच असायचे. बाईही हसायच्या. "शिकताना कुठं लागली असेल, मला तर आठवत नाही," म्हणायच्या.

सप्टेंबर लोडशेडिंगमध्ये आणि बिरदेवच्या कडबाकुट्ट्यांच्या गडबडीत गेला. पासिंगची तारीख मिळाली दसऱ्याआधीच्या मंगळवारची. त्याच्या आधीचा रविवार उजाडला तेव्हा राहिलं होतं फक्त डाव्या बाजूचं काम. बाई निर्धास्त होत्या. "कापून ठेवलंय. टेकवायचं आणि टाके मारायचे. दुपारपर्यंत होईल. उद्या रंग."

अण्णा ह्या वेळी दसऱ्यापर्यंतच्या मुक्कामाला आले होते. शनिवारी रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. पण तो आमटीचा दोष धरला.

बाईंनी पत्रा टेकवला. पुढच्या दाराशी अंगठा जाईल एवढी फट राहिली, आणि मागची कमान चाकाच्या दोन बोटं मागं. बाईंनी पत्रा काढला, पुसला, परत टेकवला. तसाच. कागद काढून बघितला. उजवीकडं जाऊन कागद लावला. नखाएवढाही फरक नाही. डावीकडं आणला, फट.

त्या विटांच्या थप्पीवर बसल्या. चार महिन्यांत काम चालू असताना त्यांना बसलेलं अण्णांनी पहिल्यांदाच बघितलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "कुठं चुकलं ते कळत नाही, म्हणजे नजर गेली. पस्तीस वर्षं दुमडून कापलं, भाऊजी. एकाही पोरीचा एक खांदा वर, एक खाली झाला नाही." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, आणि तो परत डोळ्यांवर न लावता हातातच ठेवला. "रविवार आहे. पत्र्याची दुकानं बंद. परवा पासिंग. ठरल्याप्रमाणं आता..."

शेड अण्णांच्या हातात होती. बारा बाय वीस. एवढंच करायचं होतं की काही करायचं नाही. तोंडात सुपारी होती, ती तशीच धरून गप्प राहायचं. पाटी लागली असती, 'निवृत्त'सकट.

"थांबा की मावशी," बिरदेव म्हणाला. तो डाव्या बाजूच्या जुन्या पत्र्यासमोर उकिडवा बसला होता. त्यानं खरवडणीनं रंग काढला. रंगाखाली दुसरा रंग, त्याच्याखाली पत्रा. बोटं फिरवली. मग काठाच्या आत हात घालून चाचपलं आणि तो तसाच राहिला.

"ह्यो कंपनीचा पत्रा न्हाई," तो हळूच म्हणाला. "काठात तार वळवलीया. कोठीच्या काठात वळवत्यात तशी, धान्य काढताना हात कापू नये म्हनून. आन् ह्ये ठोके बघा, जोंधळ्याच्या कणसागत वळीनं. मावशी, ह्यो माझ्या बापाचा हात हाय."

त्याचा बाप बिराप्पा, दहा वर्षांपूर्वी गेलेला. कवठ्याच्या पलीकडं, मेंढरं राखून उरल्या वेळात धान्याच्या कोठ्या करायचा.

"बाप सांगायचा," बिरदेव म्हणाला. "सांगलीकडची एक फेट गाडी. मी चार वर्साचा आसंन. वाटंवरनं आमची मेंढरं आडवी गेली, आन् त्या मानसानं गाडी सरळ मैलाच्या दगडाव घातली. बाभळीत घुसला, पर एक कोकरू मारलं न्हाई. दुसरा आसता तर मेंढरांतनंच नेली आसती. बापानं त्याला बसवून घेतलं, आन् दिवस मावळायच्या आत कोठीचा पत्रा बडवून गाडी उभी केली. पैसं घेतलं न्हाईत. म्हनायचा, त्यानं माझी मेंढरं ठेवली, मी त्याची गाडी ठेवली."

मग बाई म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनीच." त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि म्हणूनच अण्णांना तो ऐकवेना. "ह्यांनी ठोकली, दुरुस्त करून आणली, आणि छत्तीस वर्षं माझ्या नावावर राहू दिलं. एकदा तरी सांगायचं."

अण्णांनी नोकरीत एक गोष्ट कधी होऊ दिली नव्हती. कुणाची अफरातफर दाबली असेल नसेल, कुणाचा चहा प्याला असेल नसेल. पण एकाची चूक दुसऱ्याच्या नावावर मांडलेली दिसली की त्यांच्या हातून पान उलटत नसे. इथं तर एकाच चुकीची तीन नावं झाली होती, आणि त्यातलं एक मेलेल्या भावाचं.

त्यांनी सुपारी थुंकली.

"दादानं नाही, वहिनी. मी."

बाईंनी चष्मा लावला.

"मी मुलगी बघायला गेलो होतो. जतकडं. दादाकडनं गाडी मागून नेली होती. परत आलो आणि दादाला शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. ह्याच गाडीला मी नावं ठेवलेली, आणि मीच ठोकून आणली म्हणून..." अण्णा अडखळले. एवढं लांब वाक्य स्वतःविरुद्ध बोलायची सवय नव्हती. "आणि जूनमध्ये तुम्ही कागद दुमडून कापलात तेव्हाच मला ठाऊक होतं की डावी बसणार नाही. तेव्हाही बोललो नाही. तुमची नजर गेलेली नाही. चूक तुमची नाही. ती माझ्या नावावर मांडा."

बिरदेव उठून उभा राहिला होता. "सायेब, तुमी? ती मेंढरं वाचीवनारं?"

अण्णांनी मान खाली घातली. आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी हिशोब न करता केली होती, आणि तीच लपवून ठेवण्यात छत्तीस वर्षं घालवली होती.

शकुंतलाबाई मात्र हसायला लागल्या. आधी बारीक, मग खांदे हलवून.

"निळ्या रेघांचा शर्ट," त्या म्हणाल्या. "मुलगी बघायला म्हणून मीच शिवला होता. परत आला तेव्हा उजवी बाही कोपरापासून फाटलेली, आणि लोकरीच्या दोऱ्यानं शिवलेली. काय सुरेख टाका होता! माझ्या हाताचा नव्हे. मी म्हटलं, कुणीतरी जाणती बाई भेटलीय भाऊजींना वाटेत. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगतील."

"माझी आय," बिरदेव म्हणाला. "हरणाबाई. घोंगड्याच्या दोऱ्यानं शिवलं आसंल."

"आणि मुलीचं काय झालं हो?"

"नकार आला," अण्णा म्हणाले.

"बाहीमुळं?"

"नाही. माझ्यामुळंच."

आता तिघंही हसले, आणि हसणं संपल्यावर बाई उठल्या. त्यांनी बिराप्पाच्या पत्र्यावर कागद लावला. "ज्याचा एक खांदा उतरलेला असतो त्याची दोन्ही मापं वेगळी घ्यायची असतात. मी पोरींना पहिल्याच आठवड्यात हे शिकवायची. आणि स्वतः गाडी बघून विसरले, म्हटलं यंत्र आहे, सरळच असणार." कागद बसला. रेघा ओढून झाल्या. मग त्या थांबल्या. "पण पत्रा? उरलेले तुकडे हातभराचे आहेत. ही पट्टी सलग हवी."

अण्णा कोपऱ्यात गेले. कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्यासारखी कायम अंगावर असायची. त्यांनी दोन्ही दारं उघडली, डायऱ्या काढून फरशीवर रचल्या, अहवालांचे गठ्ठे काढले. मग बिजागरीकडं बोट दाखवून बिरदेवला म्हणाले, "काढ."

"आवं, चांगलं कपाट हाय की!"

"काढ म्हणतो ना."

बाईंनी दार आडवं करून त्यावर हात फिरवला, कडा चिमटीत धरून जाडी बघितली, बोटानं टिचकी मारून ऐकली. "कापड बरं आहे," त्या म्हणाल्या. "जुनं आहे, पण विणीत खोट नाही." आणि अण्णांकडं बघून, "टोक धरा."

त्या दुपारी अण्णांनी दोन तास टोक धरलं. कापताना ते डोळे मिटतील असं बिरदेवला वाटलं होतं. पण ते उलट कात्रीच्या पुढं पुढं बघत होते. चिरा देताना बाईंचा हात एकदाही थांबला नाही. काठ वळवायची वेळ आली तेव्हा त्यांनी बिरदेवला विचारलं, "तुझा बाप तार कशी घालायचा, दाखव." बिरदेवनं दाखवलं. गाडीच्या पट्टीत तार घालायची काहीही गरज नव्हती. तिघांनी मिळून घातली.

पाच वाजता बाईंनी पत्रा टेकवून हात सोडला. पडला नाही.

"आक्षेप?" त्यांनी विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले, आणि आतापर्यंत खिशात ठेवलेली ती टाळी एकदाची वाजवली.

सोमवारी रंग झाला. मंगळवारी बाईंनी स्वतः गाडी चालवत पासिंगच्या मैदानात नेली. शेजारी अण्णा, कागदपत्रांची पिशवी मांडीवर, मागं बिरदेव. तपासणारा अधिकारी पोरगेला होता, पण कामाला पक्का. वाकून खाली बघितलं, उजव्या पट्टीवर बोटाच्या पेरानं ठोकलं, डावीवर ठोकलं. पुट्टीचा भद्द आवाज नव्हता; दोन्हीकडं खणखणीत. त्यानं डावं मागचं दार उघडलं आणि हलकेच ढकललं. दाराला अडणारा जुना पत्रा आता नव्हता; दार टक करून लागलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच न आपटता.

"कुठल्या गॅरेजनं केलं हे, आजी?"

"शिवणवर्गानं," अण्णा म्हणाले. कुणी विचारलं नसताना आणखी सांगितलं, "आमच्या वहिनी आहेत." अधिकाऱ्यानं सही केली.

खंडेनवमीला शेडमध्ये पूजा झाली. पाटावर बाईंची कात्री, पत्राकातर, बिरदेवची हातोडी आणि अण्णांचं लाल शाईचं पेन. ते कुणी ठेवलं, कुणी विचारलं नाही. कपाट आता एकदारी झालं होतं. उघड्या बाजूला बाईंनी जाड कापडाचा पडदा शिवून लावला. त्या अर्ध्या कपाटात डायऱ्या आणि अर्ध्यात हातोड्या. शेड गाडीची झाली, आणि कपाट तिथंच राहिलं.

दसऱ्याला बाई अण्णांना साताऱ्याला सोडायला निघाल्या, सोनं द्यायच्या निमित्तानं. पेठनाक्यावरून हायवेला लागल्यावर अण्णांनी डायरी काढली. सवय होती, काम संपलं की कुणाचं काय गेलं ते मांडायचं.

बिराप्पानं अठ्ठ्याऐंशीत एक कोठीभर पत्रा आणि एक दिवस घातला, हरणाबाईनं हातभर दोरा. लालासाहेबांनी मरेपर्यंत एक शपथ पाळली, आणि ती पाळताना बायकोच्या डोळ्यांत डोळे घालून किती वेळा खोटं हसावं लागलं असेल, त्याचा आकडा नाही. बिरदेवचे सोळा रविवार. मजुरीचं नाव काढू दिलं नाही, फक्त बापाचा तो जुना पत्रा मागून नेला आणि दुकानात देवाच्या फोटोशेजारी टांगला. शकुंतलाबाईंचं डाव्या अंगठ्याचं एक नख, दोन बोटांना कापल्याचे व्रण आणि एक उशी. शिवाय छत्तीस वर्षांची ती 'सही', जी त्यांनी केलीच नव्हती.

स्वतःच्या नावापुढं अण्णांनी लिहिलं: शेड. पाटी. कपाटाचं एक दार. मग थोडं थांबून: 'दादा, फसलास' हे वाक्य, रद्द.

कराड मागं टाकल्यावर टोलनाका आला. पाच वर्षं बंद असलेल्या गाडीच्या काचेवर टोलचा स्टिकर कुठला असणार? नाक्यावरचा माणूस म्हणाला, "आजी, स्टिकर नाही, डबल पडंल."

शकुंतलाबाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले आणि समोर बघत राहिल्या.

अण्णांनी डायरी मिटली. डबल त्यांनी दिला.